दादांची वीस मिनिटं

आमच्या शिवणकामाच्या दुकानात कापड कापायचं ते फक्त दादांनी. दादा म्हणजे माझे थोरले दीर. शिवायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. काज-बटण माझं आणि तोंडही माझंच, असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणोत बापडी.

दुपारी जेवण झालं की दादा टेबलावरचा खडू, कात्री बाजूला सारायचे, अस्तराच्या कापडाची गुंडाळी उशाला घ्यायचे, चष्मा पोटावर ठेवायचे आणि त्याच टेबलावर आडवे व्हायचे. वीस मिनिटं. गजर नाही, काही नाही. बघता बघता कपाळावरच्या आठ्या जायच्या आणि साठीतला माणूस तान्ह्या बाळासारखा दिसायचा. उठले की पेलाभर पाणी प्यायचे, बोटं मोडायचे आणि म्हणायचे, "चला, दुसरी सकाळ झाली!" त्यानंतर संध्याकाळपर्यंत हात सरळ चालायचा. मला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटला की मी टोमणे मारते. "उठले का कुंभकर्ण?" मी विचारायची. ते हसायचे.

मग समोर एक चकाचक दुकान उघडलं आणि ह्यांच्या डोक्यात भुंगा शिरला.

"गिऱ्हाईक आत आलं की त्याला काय दिसतं? टेबलावर घोरणारा माणूस! उद्यापासून झोप बंद."

मीही मान डोलावली, कशाला खोटं बोलू? दादा नुसतं "बरं" म्हणाले. धाकट्या भावाशी वाद घालणं त्यांना कधी जमलंच नाही.

चौथ्या दिवशी एक नर्सबाई आल्या. पिशवीतून त्यांनी निळं लोकरी कापड काढलं. नवऱ्याने स्वतःच्या कोटासाठी हौसेने घेतलेलं, आणि शिवायला टाकायच्या आधीच तो गेला. आता मुलगी पहिल्या नोकरीला लागणार होती, तिला ह्याच कापडाचा कोट हवा होता. एका कडेला कसर लागलेली, त्यामुळे कापड जेमतेम पुरणार होतं.

"असं कापड आता मिळत नाही हो. चार दुकानं पालथी घातली. बिघडणार नाही ना?" बाईंनी तीनदा विचारलं. कापडावरचा हात काही निघेना.

"निर्धास्त राहा," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी ते कापड अंथरलं. जांभयांवर जांभया, डोळे लाल. कापड कमी म्हणून दोन्ही बाह्या घडी न घालता वेगवेगळ्या आखायच्या होत्या. एक आखून झाली की कागदाचा नमुना उलटा करून दुसरी आखायची, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मी काज करता करता मान वर केली तर खडूच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला झुकलेल्या! दोन्ही डाव्या हाताच्या! आणि कात्री दुसरीत शिरलेली.

"दादा, थांबा!"

कात्री थांबली. दादांनी पाहिलं आणि कात्री टेबलावर टाकली. "मी... मी हे काय केलं?"

"काय झालं?" म्हणत हे मशीनवरून उठले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "चार दिवस डोळे ताणून बसवलंत त्यांना, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. दादा, आडवे व्हा. आत्ताच्या आत्ता."

टेबलावर कापड होतं, म्हणून ते खाली सतरंजीवर झोपले. कापडाला हात लावायची माझी टाप नव्हती आणि ह्यांचीही.

वीस मिनिटांनी दादा उठले. खडू झटकला, नमुना उलटा केला, इकडून तिकडून सरकवला. एकदा नाही, पाच वेळा. मग पट्टी ठेवून म्हणाले, "चीर नव्या रेघेच्या बाहेर राहतेय. वाचलो गं बाई!"

आठवड्याने मायलेकी आल्या. पोरीने कोट घातला, दोन्ही हात वर केले, खाली केले. बाईंनी खांदे चाचपले, बाह्यांवरून हात फिरवला. "बसला की गं," एवढंच म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या. मी पाणी घेऊन येते तर बाई भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, पिशवी मांडीवर.

"कापड दिल्यापासून आईला धड झोप नव्हती," पोर हळूच म्हणाली. "सारखी म्हणायची, चुकलं तर?"

ह्यांनी मशीनवरचा पाय उचलला. आवाज न करता स्टूल घेतलं आणि दाराबाहेर जाऊन बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलंच.

"वीस मिनिटांनी या," हे म्हणाले. "आत माणूस झोपलंय."