नळीवरचा रुपया

नागराजरावांनी चाप ओढला, बंदूक उडाली, आणि कागदी निशाणा होता तसाच कोरा राहिला.

"बंदूकच वाकडी, सार."

मी तीच बंदूक घेतली आणि निशाणा फोडला. "सरळ आहे की हो!"

तंजावरबाहेर, कालव्यापलीकडे आमची फायरिंग रेंज होती. पोलिसातून रिटायर होईपर्यंत मी तिथे बँकांच्या गार्डांना ट्रेनिंग देत असे. भातशेतीचा ओला वास आणि गन ऑइलचा वास तिथे एकमेकांत मिसळलेले असत. ती जागा मला फार आवडायची.

नागराजराव माझ्यासारखेच तंजावरी मराठी. मिलिटरीतून येऊन गार्ड झालेले. त्या दिवशी सकाळभर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. मी काही सांगू लागलो की म्हणत, "हे आम्हांस ठाऊक, सार. सर्टिफिकेट द्या, पुरे." पण बँकेने बजावलं होतं, या वेळी टेस्ट पास नाही तर नोकरी नाही. त्यांची मुलगी तिरुचीला नर्सिंग शिकत होती.

मग बंदूक मीच भरली. काय भरलं ते त्यांना दाखवलं नाही. आत डमी होतं, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस. त्यांनी चाप ओढला. नुसतं 'टक्' झालं, आणि तरी नळी खाली गेली, डोळे गच्च मिटले. धक्का बसणार म्हणून अंग आधीच दचकतं. एरवी गोळीच्या आवाजात ते लपून जातं. बँकेच्या गार्डाच्या खांद्यावर वर्षानुवर्षं बंदूक असते, उडवायची वेळ क्वचित येते. मग दुसरं काय होणार?

बाकीचे गार्ड खो खो हसले. नागराजराव बंदूक टेबलावर ठेवून तडक निघाले.

मला राग आला. हसणाऱ्यांना एकेक करून पुढे बोलावलं आणि तसंच डमी भरून दिलं. एकेकाची नळी जमिनीला नमस्कार करू लागली. हसू आपोआप थांबलं.

नागराजराव फाटकाशी उभे राहून बघत होते. परत आले. हळूच म्हणाले, "मज अजून एकदा भरून द्या, सार. डमीच."

मी बंदुकीच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवलं. "चाप ओढा. हे पडता कामा नये."

जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडाखाली पुळिसादम, म्हणजे चिंचेचा भात, खात होते. नागराजराव एकटेच रेंजवर. नाणं पडे, ते उचलत, पुन्हा ठेवत. माझा डबाही तसाच राहिला. दुपारी टेस्ट झाली. पास झाले!

आता त्या रेंजवर प्लॉट पडलेत. मध्ये पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो, तर गेटवर नागराजराव. केस पांढरे झालेले. कडक सॅल्यूट ठोकला आणि खिशातून रुपया काढून दाखवला.

"अजून करतों, सार. रोज, ड्यूटीच्या आधी."

सर्टिफिकेट त्या दिवशी सगळ्यांनीच नेलं होतं. क्लास मात्र एकट्यानेच घरी नेला.