मनकर्णाबाईचा सांबार

अकोल्याच्या देवमन शिरसाटांची प्रियदर्शनी सुट्टीत घरी आली की गल्लीतल्या बाया हातचं काम ठेवून तिचं बोलणं ऐकत. कौतुकानं नव्हे, मजेनं. अमरावतीला वाचा-उपचाराच्या कॉलेजात गेल्यापासून पोरीचं मराठी इस्त्री केल्यासारखं झालं होतं. "आई, मला अजून एक पोळी वाढशील का?" असं ती म्हणाली, तेव्हा सख्ख्या मायनं तवा खाली ठेवून विचारलं होतं, "जेवून राह्यली का बातम्या देऊन राह्यली वं?"

इस्त्रीमागं कारण होतं. पहिल्या वर्षी ती भर वर्गात उभी राहून म्हणाली होती, "सर, मले हे समजलं नाही." सगळी बाकं हसली. त्या दिवसापासून 'मले' कुलपात गेलं आणि 'मला' बाहेर आलं. चार वर्षांत तिनं ते कुलूप एकदाही उघडलं नाही. झोपेत बरळली तरी शुद्ध बरळायची, असं तिची रूम पार्टनर सांगत फिरायची.

अशी ही पोरगी शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला बसली, तेव्हा तिच्या समोर मनकर्णाबाई होत्या.

मनकर्णाबाई म्हणजे इतवारा बाजारात तीस वर्षं भाजी विकलेली बाई. आवाज असा, की पलीकडच्या ओळीतलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन वळावं. दिवाळीनंतर लकवा मारला, उजवा हात गेला आणि त्यासोबत शब्द गेले. समजायचं सगळं. पण वस्तू डोळ्यांपुढं असली तरी तिचं नाव तोंडात येत नसे, नाहीतर भलतंच येई. पुस्तकात याला अफेजिया म्हणतात. मनकर्णाबाईंनी त्याला काय म्हटलं असतं, ते सांगायलाच तर शब्द नव्हते.

पहिल्या चाचणीत वीस चित्रांपैकी चार आली होती. तेव्हापासून प्रियदर्शनीच त्यांना 'मावशी, मावशी' म्हणत एकेक शब्द पुन्हा शिकवत होती. उपचार केंद्राचा नियम साधा होता: तीन महिन्यांनी तीच वीस चित्रं पुन्हा दाखवायची. दहा आली तर उपचार पुढं चालू, कमी आली तर केस बंद आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादी पार मेळघाटातल्या धारणीपर्यंत पोचली होती.

आज चाचणी घ्यायला पुण्याहून परीक्षक मॅडम आल्या होत्या. प्रियदर्शनीनं बाजूला बसून फक्त बघायचं. मध्ये बोललं की गुण कापले जाणार.

"हे काय आहे, सांगा बरं," मॅडम म्हणाल्या.

गाय आली. चावी आली. कप जरा अडखळत आला. फणीचं चित्र आलं तेव्हा मनकर्णाबाईंनी डावा हात केसांवरून फिरवला आणि म्हणाल्या, "झाडू." स्वतःलाच पटलं नाही, पण शब्द सुटून गेला होता. प्रियदर्शनी टेबलाखाली बोटांवर बरोबर उत्तरं मोजत होती.

मग टोमॅटो. मनकर्णाबाईंच्या ओठांची जुळवाजुळव बराच वेळ चालली. "भे... भेद्रं."

मॅडमनी लिहिलं: अर्थहीन शब्द.

मग हिरवीगार जुडी. बाईंचा चेहरा उजळला. अडखळल्या नाहीत, थांबल्या नाहीत. "सांबार!"

मॅडमनी लिहिलं: खाद्यपदार्थ, पण चुकीचा.

टेबलाखालची प्रियदर्शनीची मोजणी तिथंच थांबली. शेवटची सहा चित्रं तिला धड दिसलीही नाहीत.

"आठ," मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "प्रगती आहे, पण पुरेशी नाही. केस बंद करावी लागेल."

मनकर्णाबाईंनी आयुष्यभर गिऱ्हाइकाचे चेहरे वाचले होते. त्यांनी मॅडमचा चेहरा वाचला आणि पदर तोंडाशी नेला.

"मॅडम, दोन उत्तरं बरोबर आहेत," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "भेद्रं म्हणजे टोमॅटो. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे असंच म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे? फॉर्मवर रुग्णाची भाषा काय लिहिली आहेस?"

फॉर्म तिच्याच अक्षरातला होता. भाषा: मराठी. आणि रोजच्या नोंदवहीत, मावशी जेव्हा जेव्हा सांबार म्हणाल्या, तेव्हा तेव्हा हिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कोथिंबीर, बरोबर'. स्वतःचं तोंड झाकता झाकता तिनं मावशींचंही झाकून टाकलं होतं.

"फणीला झाडूही तुमच्याकडेच म्हणतात का?" मॅडमनी विचारलं.

नुसती मान डोलावली असती तरी अकरा झाले असते.

"नाही, मॅडम. ती चूक आहे. ती आजारातली."

मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. पण तुझ्या शब्दावर मी गुण कसे बदलू?"

"मावशींची सून बाहेर बसली आहे. मोनाली. तिला विचारा."

"नातेवाईक नको."

"मग खुशालराव. इथले शिपाई. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही."

खुशालराव आले. पुण्याच्या मॅडमनी बोलावलंय म्हटल्यावर त्यांनी गळ्याचं बटण लावलं होतं. मॅडमनी जुडीचं कार्ड पुढं धरलं. खुशालरावांनी कार्डाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ झाले.

"कोथिंबीर, मॅडम."

"आणि हे?"

"टोमॅटो, मॅडम. छान आहेत."

 मॅडमनी कागद आवरायला घेतले.

प्रियदर्शनीला पहिल्या वर्षीचा फळा आठवला. बोलणारा, ऐकणारा, मध्ये बाण. बोलणारा शब्द निवडतो तो ऐकणाऱ्याकडे बघून, असं सरांनी सांगितलं होतं आणि तिनं लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. खुशालराव चित्राला उत्तर देतच नव्हते. ते पुण्याला उत्तर देत होते. ऐकणारं माणूस बदलल्याशिवाय हा शब्द बाहेर येणार नव्हता, आणि मनकर्णाबाई सोडल्या तर खोलीत दुसरं वऱ्हाडी माणूस म्हणजे ती एकटीच.

तिचे कान तापले. समोर चार वर्षांचे गुण बसले होते, पेन हातात घेऊन.

"खुशालकाका," ती म्हणाली, "बजारात जाता तुमी, तवा भाजीवालीले हे काय म्हनून मांगता?"

खुशालरावांचे खांदे खाली आले. त्यांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच खोलीत आली होती.

"सांबार. अजून काय मांगीन?"

"अन् हे?"

"भेद्रं. काहून, काय झालं?"

"मग मला कोथिंबीर का म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"तुमी पुन्याच्या ना, मॅडम. तुमाले सांबार म्हनलं असतं, तं तुमी म्हनल्या असत्या, इडली कुठी हाय."

पदराआड मनकर्णाबाई खुदकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म पुढं ओढला, 'मराठी'च्या शेजारी 'वऱ्हाडी' लिहिलं, आठावर काट मारून दहा केले आणि सही केली.

"तुझे गुण कापणार आहे," त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या. "चाचणीत बोललीस त्याचे दोन. फॉर्म चुकीचा भरलास त्याचे पाच. दुसरी चूक मोठी आहे."

"हो, मॅडम."

मनकर्णाबाईंनी डाव्या हातानं तिची ओढणी ओढली. कपाळावर आठ्या, डोळे फॉर्मवर. "बंद?"

"नाही, मावशी. चालू हाय. बुधवारी या, धा वाजता."

मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. ओठ जुळवले.

"नऊ."

"दहा," मॅडम सावकाश म्हणाल्या. "ही दहा म्हणाली. तुम्ही म्हणा बरं, दहा."

"नऊ," मनकर्णाबाई ठामपणे म्हणाल्या.

मॅडमचं पेन पुन्हा कागदाकडे गेलं. प्रियदर्शनीनं घाईघाईनं हात मध्ये घातला.

"चूक नाही, मॅडम," ती म्हणाली. "भाव करून राह्यली ते."