कुक्षीहून आणलेली तिथी

कुक्षीला जायचं, असं आईनं भाद्रपदातच जाहीर केलं आणि दसरा होताच आम्ही मायलेकी देवासहून निघालो. त्या प्रवासाला आता सत्तरेक वर्षं झाली असतील. बाबा सडकखात्यात ओव्हरसियर होते. त्याच्या काही वर्षं आधी कुक्षीकडे कामावर असताना तापानं गेले, दहनही तिथंच झालं. संस्थानं विलीन व्हायची धामधूम, टपालाचा भरवसा नाही, मार्गशीर्षात कुणी गाडीवान निरोप घेऊन आला, "कार्तिक बदी पंचमी को साब सांत हो गए." त्या तिथीला काका दर वर्षी श्राद्ध घालत. ती जागा एकदा बघायची, एवढंच आईचं म्हणणं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. चंद्र-तारे आपल्याला कळतात असा माझा गोड समज होता.

इंदूरला मोटार बदलायची, तेवढ्यात पोहे-जलेबी खाऊन घ्यायची. आज जाल तर धारच्या वाटेवर पीथमपूरच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेस आडव्या येतील. तेव्हा तिथं नुसती ज्वारी होती. धारला मावशीकडे मुक्काम केला. तिन्हीसांजेला गच्चीवर मी आईला सांगितलं, की यातला एखादा तारा कधीच विझला असेल, उजेड तेवढा अजून येतोय.

"आणि हे तू मुलींना शिकवतेस?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून निमाडात आलो. शाल गुंडाळून ठेवा, खाली उकडतं. रस्ता असा, की मोटारीपेक्षा आम्हीच जास्त चाललो. कुक्षीत मोतीलालजींचं किराण्याचं दुकान कुणीही दाखवत होतं. बाबा कामावर असताना त्यांच्याकडेच उतरत, त्यांच्याच घरात वारले होते. मोतीलालजींनी आधी जेवायला घातलं, मकईची रोटी आणि उडदाची डाळ, मग आतली खोली दाखवली.

"इसी दीवार की तरफ मुंडो था साब को," ते म्हणाले. "दिवाली की पुताई चल री थी, बाई. चूनो घोल्यो थो, वैसो को वैसो रे गयो."

आई चमकली. "दिवाळी? दिवाली तो हो गई होगी ना? कार्तिक वद्य पंचमी…"

"हाँ, कार्तिक बदी पंचमी. दिवाली तो बाद में आई. हमने दीया नी लगाया उस साल."

मी बोटांवर हिशेब मांडला. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यांचा कार्तिक वद्य तो आपला आश्विन वद्य. माळव्यात जन्मलेल्या आम्हा सगळ्यांना हे पाठ होतं. पण गाडीवान मराठी घरात येऊन सांगतोय, म्हणजे आपल्याच हिशेबानं सांगत असणार, असं घरानं धरलं होतं. श्राद्ध दर वर्षी महिनाभर उशिरा झालं होतं.

आई भिंतीकडे बघत राहिली. "त्या दिवाळीत पाडव्याला हे घरी नाहीत म्हणून मी ह्यांची पगडी ओवाळली होती," ती मला म्हणाली.

परतीच्या मोटारीत तिनं एकामागून एक विचारलं. ते गेले नक्की कोणत्या महिन्यात? वर कोणतं पंचांग चालतं? इतकी वर्षं आपण चुकीच्या दिवशी पान ठेवलं, तर कावळा शिवला तो कुणासाठी? मी चंद्र एकच असल्याचं समजावू लागले. "चंद्राचं नको गं, ह्यांचं सांग," ती म्हणाली. मला खूप रडू आलं, कारण बाबांचं मला काहीच माहीत नव्हतं.

देवासला पोचलो तेव्हा आश्विन वद्य पंचमी तोंडावर होती. काकांनी खऱ्या तिथीला श्राद्ध घातलं. कावळा याही वेळी शिवला. त्यावरून काय समजायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रवासातून माणूस काहीतरी कळून येतो म्हणतात. मी मात्र कळत होतं तेही तिथं सोडून आले.

मग पाडवा आला. आईनं पाटावर बाबांची पगडी मांडली, तबकात निरांजन लावलं. काकू दारात थबकली.

"वहिनी, अहो हे काय? तुम्ही कसं ओवाळणार?"

"त्या वर्षी ओवाळलं तेव्हाही ते नव्हतेच," आई वात पुढे सारत म्हणाली. "तेव्हा चाललं ना?"