कारवानीची पहिली दिवाळी

कारवानी कुत्रा घरात असला की माणसाला उत्तरं तयार ठेवावी लागतात. लांबोळकं तोंड, आत गेलेलं पोट, नुसत्या नजरेनं मोजता येतील अशा बरगड्या. सदाशिव पेठेत मी असा कुत्रा घेऊन खाली उतरले की कुणीतरी विचारतंच, "अहो, याला खायला घालता की नाही?" मी म्हणते, "घालते. पण तुमच्यासारखं पोट सुटू नये म्हणून बेतानं घालते." एकदा विचारलेला माणूस सहसा पुन्हा विचारत नाही.

हे कुत्रे आपल्याच मातीतले, सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले. पाय दुखावला, धाव मंदावली की काही लोक त्यांना गाडीत घालून लांब सोडून येतात. अशांना आणायचं, बरं करायचं, माणसांत राहायची सवय लावायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायचं, हे मी निवृत्त झाल्यापासून करते आहे. स्वतःकडे एकही ठेवत नाही. माझं घर दोन खोल्यांचं. एक ठेवून घेतला तर पुढच्याला जागा कुठली?

ही कुत्री मला मांजरी गावात उसाच्या फडाच्या कडेला मिळाली. फिकट बदामी रंग, मागचा एक पाय जरा लंगडा. कारवानीला परक्याचा हात खपत नाही हे मला माहीत होतं, पण हिला माणसाची सावलीसुद्धा नको असायची. पावसाळाभर ती माझ्या पलंगाखाली राहिली. ज्या दिवशी तिनं माझ्या हातातून कलेजीचा तुकडा घेतला, त्या दिवशी मी स्वतःसाठी पावशेर श्रीखंड आणलं आणि एकटीनं संपवलं. खोटं कशाला बोलू, हिला देऊन टाकायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

तरी दिली. कात्रजला डोंगराच्या पायथ्याशी एका सोसायटीत राहणारं चाळिशीतलं जोडपं होतं. बघायला आल्या तेव्हा त्या बाई कुत्रीकडे वळल्याच नाहीत. माझ्याशीच बोलत बसल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. बाकीचे लोक येताक्षणीच "शोनू" म्हणत डोक्यावर हात ठेवायला धावायचे. दसऱ्याच्या सुमारास मी तिला कात्रजला पोचवलं आणि एक गोष्ट दोनदा बजावली. या जातीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा पट्टा मागच्या मागे निघून येतो. हिला ओढल्यावर आवळला जाणारा हा रुंद कापडी पट्टाच घालायचा. दोघांनीही माना डोलावल्या.

नरकचतुर्दशीला पहाटे मी उटणं धुऊन बाहेर येते तो फोन. त्या बाईंचे यजमान होते. "काकू, ती सुटली," एवढंच म्हणाले.

झालं होतं ते असं. घरात सगळ्यांना पहाटे तेल लागलं, मग हिला का नाही, म्हणून बाईंनी हिलाही लावलं. आता हात लावू द्यायला लागली होती, त्याचं अप्रूप. चांगलं कोमट करून, मान, पाठ, चारही पाय. कापडी पट्ट्याला तेलाचे डाग पडतील म्हणून तो काढून ठेवला आणि आंघोळीआधी एक चक्कर मारून आणायची म्हणून दिवाळीसाठी आणलेला नवा चामड्याचा पट्टा घातला. मागच्या फाटकाबाहेर पहिला सुतळी बॉम्ब फुटला. कुत्री मागे सरली आणि तेलकट मानेवरून पट्टा अलगद निघाला. यजमानांच्या हातात साखळी आणि पट्टा राहिला. ती सोसायटीच्या मागच्या माळावरून डोंगराकडे गेली.

मी रिक्षा करून पोचले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. माझ्या तोंडून निघालं, "कुत्रीला अभ्यंगस्नान घालायला सांगितलं होतं कुणी तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडचा तिचा पहिलाच दिवाळसण होता, काकू."

मी म्हटलं, "सापडली की मी तिला परत घेऊन जाणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"न्या. पण आधी सापडू दे," त्या म्हणाल्या.

आता खरी अडचण सुरू झाली, आणि ती चांगल्या माणसांची होती. आमच्या कुत्रे वाचवणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडल्याबरोबर सगळ्या पुण्यातून मदत आली. कुणी स्कूटरवर, कुणी बिस्किटांचे पुडे घेऊन. यजमान तर हाका मारून मारून घोगरे झाले होते. कुणाला ती झुडपाआड दिसायची, तो "दिसली, दिसली!" करत धावायचा आणि ती आणखी वर जायची. घाबरलेल्या कारवानीला हाक मारणारा माणूस आणि मारायला येणारा माणूस यातला फरक कळत नाही. तिला एवढंच कळतं की मागे कुणीतरी लागलंय. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला हायवे होता. एकदा का ती तिकडे उतरली असती, की सगळं संपलं असतं.

मी सगळ्यांना माळावर गोळा केलं आणि म्हटलं, "तुमचे उपकार आहेत. आता सगळे घरी जा."

एक तरुण म्हणाला, "मॅडम, मी ड्रोन आणू का? मस्त एरियल व्ह्यू मिळेल."

"आण. म्हणजे ती थेट साताऱ्याला पोचेल."

"पण मॅडम, काहीच नाही करायचं? असं कसं?"

"काहीच नाही करायचं. जमेल तुला?"

लोकांकडून काम करून घेणं सोपं असतं. काही करू नका म्हटलं की त्यांना राग येतो. दोघीतिघी रागावून ग्रुपमधून बाहेर पडल्या. जा म्हटलं. मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले आणि मागच्या बाजूला फटाके नकोत असं सांगितलं. ते म्हणाले, "वर्षाचा सण आहे, मॅडम." मी म्हटलं, "आहे ना. तो पुढच्या बाजूलाही साजरा होतो." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तसा निरोप फिरवला. लक्ष्मीपूजनाला मागचा माळ त्यातल्या त्यात शांत होता.

आमची पद्धत एकच. कुत्रा जिथून सुटला तिथेच, डोंगराकडे पाठ करून बसायचं. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही, दिसला तरी उठायचं नाही. मी तिच्या अंगाखालची जुनी चादर माझ्या घरून आणली होती. ती पसरली, शेजारी उकडलेली कलेजी ठेवली आणि बसले. तिला माझा वास ओळखीचा होता. ती आलीच तर माझ्याकडे येणार, याबद्दल मला शंका नव्हती.

थोड्या वेळानं बाई आल्या आणि चार हातांवर बसल्या. मला त्या तिथे नको होत्या. मी तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बोलणार नाही," आणि खरंच बोलल्या नाहीत. मोबाईल आणला नव्हता. परातीत लसूण घेऊन आल्या होत्या, तो सोलत बसल्या. संध्याकाळी परात घेऊन आत गेल्या, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा हजर. घरी फराळाला पाहुणे येऊन गेले, यजमानांनीच त्यांना चहा केला. पाडव्यालाही ओवाळण्यापुरत्या त्या आत गेल्या आणि परत येऊन बसल्या. मी मनातल्या मनात त्यांच्यावर धुमसत होते आणि त्या सोलत होत्या. एवढ्या लसणाचं पुढे काय केलं कुणास ठाऊक.

पाडव्याच्या दुपारी कलेजी गेलेली दिसली. कुणी खाल्ली, ते बघायला मी वळले नाही.

भाऊबीजेला सकाळी माझ्या भावाचा फोन आला. "यंदा मला ओवाळणार आहेस, की कुत्रीला?" मी म्हटलं, "जो आधी येईल त्याला." पण माझा धीर सुटत चालला होता. पाठ धरली होती, गुडघे वळत नव्हते आणि रात्रभर हायवेच्या बाजूनं ट्रकचे भोंगे ऐकू आले होते.

ऊन तापल्यावर मागे वाळलेलं गवत वाजलं. आधी वास आला, तेलाचा आणि धुळीचा. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती दिसली. अंगभर लावलेल्या तेलावर माती बसून ती बदामीची काळपट झाली होती. पाय जास्त लंगडत होता. ती माझ्या चादरीशी आली. चादर हुंगली. मग माझा हात हुंगला, अगदी मनगटापर्यंत. मी बोटही हलवलं नाही. मनात म्हणत होते, बस गं बाई, बस आता.

ती पुढे गेली. बाईंच्या परातीपाशी थांबली आणि त्यांच्या मांडीला अंग टेकून खाली बसली. मग तिनं हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली.

मला वाईट वाटलं. आनंद झाला हे तर आहेच, पण आधी वाईट वाटलं, ते लपवत नाही. तिनं मला ओळखलं नसतं तर माझी समजूत पटली असती. ओळखून ती पुढे गेली होती.

बाईंनी तिला कवटाळलं नाही. दुसरं कुणीही असतं तर झडपच घातली असती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाकळी सोलत होत्या. ती पाकळी पुरती सोलून झाल्यावरच त्यांनी हात पुसला आणि हळूच तिच्या मानेवर ठेवला. कुत्रीनं डोळे मिटले. मी बसल्या जागेवरून जवळ ठेवलेला कापडी पट्टा सरकवला. तो त्यांनी घातला, आवळून बघितला, पुन्हा बघितला.

मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आता नेणार ना तुम्ही हिला?"

"कुठे नेऊ?" मी म्हटलं. "घरीच आलीये की ती."

एवढं नीट बोलले आणि मग मला रडू आवरेना.