राँग नंबर म्हणायचं नाही

आमच्या चर्चच्या कमिटीची मीटिंग वीस मिनिटांची आणि नंतरचा चहा दीड तासाचा. किस्से सगळे त्या चहातले. मिनिट्स मी लिहिते, कारण सरकारी ऑफिसात काम करणाऱ्या बाईला लिहायला आवडतं असा सगळ्यांचा गैरसमज आहे. पण यातलं काहीच मिनिट्समध्ये नाही. लिहिलं असतं तर खाली सह्या कोण करणार होतं?

रायपुरातलं आमचं चर्च लहान. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी उभं केलेलं. त्यांच्या नातवंडांना मराठी समजतं, उत्तर ती हिंदीत देतात आणि रविवारी घरी झोपतात. बाकं रिकामी पडत चालली होती. अशात नागपूरहून नवे पास्टर आले, सुमित. वय तिशीच्या आत.

पहिल्याच दिवशी ते फाटकापाशी थांबले. वरच्या पाटीवर होतं, 'बिना अनुमति प्रवेश वर्जित'. खालच्या पाटीवर, 'सबका स्वागत है'. दोन्ही आमच्याच!

"ताई, यातलं खरं कोणतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "वरची पाटी कुत्र्यांसाठी आहे."

"मग कुत्र्यायले हिंदी वाचता येते का?"

वरची पाटी त्याच दिवशी उतरली.

* * *

मग लाइव्ह स्ट्रीमिंग सुरू झालं. पास्टरांचा मोबाइल स्टँडवर, तोंड वेदीकडे. पहिल्या रविवारी सात जण बघत होते, त्यातले पाच चर्चमध्येच बसून बघत होते. कमिटीतल्या एस्तेर मावशी पहिल्या बाकावर बसून स्वतःलाच हार्ट पाठवत होत्या!

तिसऱ्या रविवारी एक कमेंट आली. नाव नाही, फोटो नाही. 'पीछे वाले काका को ठंड लग रही है, पंखा बंद करो.'

मी मागे वळले. शेवटच्या बाकावर, पंख्याखाली, रूबेन काका खांदे आवळून बसले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी जाऊन पंखा बंद केला.

कमेंट कोणी केली हे चहाच्या वेळी सगळ्यांना विचारलं. कोणीच हो म्हणेना. मग पास्टर हळूच म्हणाले, "ताई, पण कॅमेऱ्यात मागचं बाक येतच नाही."

* * *

पास्टरांचं खरं प्रेम मात्र प्रार्थनेच्या फोनवर. नवं सिम घेतलं, गल्लीच्या तोंडाशी बॅनर लावलं. कोणीही फोन करावा, मन मोकळं करावं. रूबेन काका घाबरले. "आजकालचे दिवस पाहून राहिले ना पास्टर? लोक म्हणतीन, धर्म बदलवून राहिले."

म्हणून नियम ठरले. समोरच्याचं नाव-गाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. उपदेश नाही, फक्त ऐकायचं. आणि शेवटचा नियम पास्टरांचा स्वतःचा. "राँग नंबर असं कोणालेच म्हणायचं नाही. देवाच्या घरी राँग नंबर नसते!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, हे कबूल करते.

पहिला फोन मीच उचलला. "भैया, गाड़ी कब निकलेगी?" दुसरा, "माल भनपुरी में उतारना है क्या?" आठवडाभर हेच. सिम नवं असलं तरी नंबर जुना होता, आधी कोण्या ट्रक ड्रायव्हरचा. आता राँग नंबर तर म्हणायचं नाही! एस्तेर मावशींनी एका ट्रान्सपोर्टवाल्याचं पाऊण तास ऐकून घेतलं. शेवटी तोच म्हणाला, "दीदी, आप रख दीजिए, मुझे काम है."

* * *

बुधवारी सकाळी अकराला ड्यूटी रूबेन काकांची. फोन वाजला. म्हातारी बाई, छत्तीसगढी बोलणारी.

"खाना खा डारे बेटा?"

काकांना नियम आडवे आले. कोण म्हणून विचारायचं नाही, राँग नंबर म्हणायचं नाही. ते तिच्याच बोलीत म्हणाले, "हव, दाई." म्हणजे हो, आई.

तिकडून समाधानाचा सुस्कारा आला आणि फोन बंद.

आम्ही चहाच्या वेळी खूप हसलो. सत्तरीच्या माणसाला आई मिळाली म्हणून! काका हसले नाहीत. "बायको गेल्यापासून मले कोणी विचारलं नाही, जेवला का म्हणून," ते म्हणाले. माझा चहा तसाच राहिला.

दर बुधवारी अकराला फोन. खाल्लं का, हव दाई. झोप लागते का, हव दाई. एकदा तिने विचारलं, "दाँत पिरावत हे न? लौंग दबा ले." काकांची दाढ आदल्या संध्याकाळपासून ठणकत होती. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग मी काकांची ड्यूटी शनिवारी टाकली. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. बुधवारी मी स्वतः अकरापासून दोनपर्यंत फोनसमोर बसले. एक रिंग नाही.

शनिवारी, अकराला, काकांनी खुर्ची ओढली आणि फोन वाजला.

* * *

नंबर आधी कोणाचा होता ते शोधायला पास्टर आणि मी स्कूटीवर भनपुरीला गेलो. ट्रकांच्या रांगा आणि डिझेलचा वास यातून विचारत विचारत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पोचलो. मुनीमजींनी नंबर पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"ये तो हमारे ड्रायवर का था. गाड़ी मिली, आदमी नहीं मिला. चाबी लगी थी, सीट पर डिब्बा खुला था. आधी रोटी खाई हुई."

"घरी कोण आहे?" पास्टरांनी विचारलं.

"बस, दाई है. गाँव हमको नहीं मालूम. सब बोले, अब नहीं आएगा. पर अभी सुना, बुढ़िया सबको बताती है कि बेटा जिंदा है, फोन पर बात होती है."

येताना पास्टरांना दोनदा स्कूटी थांबवावी लागली. "ताई, हे मी केलं," एवढंच ते म्हणत होते.

आम्ही तिच्या नंबरवर फोन लावून पाहिला. बंद. दिवसभर लावला, बंद. तिचाच फोन यायचा, आपला जायचा नाही.

चहाच्या वेळी एस्तेर मावशींनी कप आपटला. "त्या बाईले रडू तरी द्या ना! पोरगा गेला त रडाचा हक्क आहे तिले. तुमी तोही काढून घेतला."

पास्टर म्हणाले, "मी सांगतो तिले."

"नाही," रूबेन काका म्हणाले. "हव मी म्हटलं. नाहीही मीच म्हणीन." तिचा पोरगा तर जाणारच होता, पण काकांची दाईसुद्धा जाणार होती. हे आम्हाला चौघांनाही कळत होतं.

* * *

शनिवारी आम्ही चौघं पास्टरांच्या खोलीत बसलो. दार लावलेलं, फोन टेबलावर, स्पीकर चालू. अकराला रिंग आली.

तिला बोलूच न देता काकांनी सुरुवात केली. "दाई, मोला माफी देबे. मैं तोर बेटा नोहंव. मैं बुढ़वा आदमी अंव. तैं पूछे, मैं हव कहि दिएंव."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग ती हसली. आनंदाने, पोट भरून हसली.

"जानत हंव," ती म्हणाली. "मोर बेटा त आ गे हे. काली आइस. मोर तीर म बइठ के खावत हे."

एस्तेर मावशींनी माझा हात धरला. पास्टरांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मला तर रडूच फुटलं. कालच आला म्हणजे! परत आला, तिच्याजवळ बसून जेवतोय! काकांकडे बघून मी मान हलवली, ते ओल्या डोळ्यांनी फोनकडे बघत होते.

म्हातारीने फोन बहुतेक खाली ठेवला असावा, कारण आवाज थोडा लांबून यायला लागला. वाढण्याचा, पाट सरकवल्याचा.

"अउ भात लेबे बेटा?" तिने विचारलं.

"हव, दाई."

फोनमधून तोच घोगरा आवाज. शेवटच्या अक्षरावर तसाच किंचित अडखळणारा. बावीस वर्षं मी तो आवाज शेवटच्या बाकावरून ऐकत आले आहे.

आम्ही तिघांनी एकदम रूबेन काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.