चहाच्या वर्तुळाची पट्टी

अंजनीताईला हृदयाच्या ठोक्यांच्या, म्हणजे ईसीजीच्या, पट्ट्या वाचता येत नव्हत्या आणि तिला पास करवलं ते मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझं कौतुक करायला नको.

चौऱ्याण्णव साली आमच्या कॅम्प चारच्या नर्सिंग होममध्ये चार खाटांचा आयसीयू झाला. कामत डॉक्टरांनी फर्मान काढलं, दर रविवारी क्लास, महिन्याने परीक्षा. पास होईल तिला आयसीयूची दिवसपाळी, नापास होईल तिला जनरल वॉर्ड, आणि तिथे आठवड्याआड रात्रपाळी. अंजनीताईला दिवसपाळी हवीच होती. बदलापूरला नवरा अंथरुणाला खिळलेला, रात्री त्याची कूस बदलायला दुसरं कोण होतं? नोकरीचं बाविसावं वर्ष, गुडघे गेलेले, क्लासमध्ये बाई बसल्या जागी पेंगायची. "वृंदे, पट्टीवर नुसत्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतात गं," म्हणायची.

आता क्लासची गंमत ऐका. डॉक्टरांकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पट्ट्या दहाच. शिकवायला त्याच आणि परीक्षेलाही त्याच. मग आम्ही काय कमी? कोपरा दुमडलेली म्हणजे नॉर्मल, हळदीचा डाग म्हणजे धोक्याचे जलद ठोके, चहाचं वर्तुळ म्हणजे हार्ट ब्लॉक. सगळ्याजणींनी खुणाच पाठ केल्या. अंजनीताईकडून मी कॅन्टीनमध्ये वडापाव खाता खाता दहाही घोकून घेतल्या. तिला दहापैकी दहा! डॉक्टर म्हणाले, "बघा, या वयात!" ती माझा हात धरून रडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर भगवान नावाचा पेशंट आला. अंबरनाथ एमआयडीसीतला कामगार, हार्ट अटॅक. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी ड्युटीवर होतो. दर दोन तासांनी मशीनमधून पट्टी काढायची आणि ठोके कसे ते केसपेपरवर लिहायचं, अशी पद्धत. अंजनीताईने पट्टी काढली, बराच वेळ धरून उभी राहिली. "वृंदे, बघ ना जरा." माझ्या हातात दुसऱ्याचं सलाईन. मी मान वळवून म्हटलं, "संथ आहेत, झोपलाय ना तो." तिने तसंच लिहिलं. दाराशी त्याची बायको चंद्री उभी होती. "बाई, बरा हाय ना?" "बरा आहे, झोपू दे त्याला," अंजनीताई म्हणाली.

तासाभरात भगवान गेला.

डॉक्टर ती पट्टी हातात घेऊन मटकन खुर्चीत बसले. "वरच्या कप्प्यांचे बारके उंचवटे वेगळ्या चालीने, खालच्यांचे मोठे सुळके वेगळ्या चालीने. कशाचा कशाला मेळ नाही. हार्ट ब्लॉक आहे हा, ढळढळीत! तेव्हाच मला बोलावलं असतं तर हाती वेळ होता." मी सलाईनची रिकामी बाटली उचलून बाजूला झाले. अंजनीताईने मात्र डाग, कोपरे, वर्तुळ सगळं सांगून टाकलं. नाव कुणाचंच घेतलं नाही, माझंसुद्धा.

तरी आमचा संताप बघायला हवा होता. घरभेदी म्हटलं आम्ही तिला! डॉक्टरांनी नव्या कोऱ्या पट्ट्या आणल्या आणि अकराच्या अकराजणी नापास झालो. पुढच्या खेपेला कशाबशा पास झालो. ती परीक्षेला बसलीच नाही. रात्रपाळी मागून घेतली, नवऱ्याला शेजारच्या सखूवर सोपवलं. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होते?

एकदा सकाळी मी ड्युटीवर आले, तर ती रात्रपाळी उरकून बाहेरच्या बाकावर बसलेली. चेहरा काळवंडलेला. मांडीवर भगवानच्या केसपेपरातली ती पट्टी, आणि केसातली पिन टेकवत ती एकेक चौकट मोजत होती. मी शेजारी बसले. तिने वर बघितलंच नाही.

"आता येते गं वाचता," ती म्हणाली. "तेव्हा हिच्यावर चहाचं वर्तुळ असतं ना वृंदे, तर तेव्हाही ओळखली असती."