पिंपातला फेस

जयवंत परबला मशीन कधी कुणी शिकवावं लागलं नाही. गिरणीत होता तोवर बिघडलेला साचा त्याचा हात फिरला की मुकाट चालू लागायचा. पण संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. चौऱ्याऐंशी साल उजाडलं तरी गडी दहिसरच्या चाळीत बसूनच! बायको सुगंधा लोकांच्या घरी पोळ्या लाटून संसार ओढत होती. आता गावी परतायचं तेवढं बाकी होतं.

अंधेरीच्या ज्या घरी ती पोळ्या करायची, तिथल्या श्यामसुंदर कर्णिकांनी एकदा विचारलं, "तुझ्या नवऱ्याला मशिनरी कळते ना?" त्यांच्या मेव्हण्याने जर्मनीहून घरच्या घरी बिअर ओतायचं यंत्र आणलं होतं. पिंपाला नळी, नळीला तोटी, बाजूला गॅसची टाकी. शनिवारी पार्टी होती. "जयवंतने हे नीट चालवलं, तर सोमवारपासून माझ्या कारखान्यात." झालं! जयवंतला आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी दुपारी त्याने भांडुपच्या बारमधून भरलेलं पिंप टेम्पोत घातलं. खड्ड्याखड्ड्यांतून ते असं आदळत आलं की विचारू नका. उतरवलं आणि लगेच जोडलं. गिरणीतली खोड, दुसरं काय! तिथे मशीन थांबलेलं खपत नसे.

पाहुणे जमले. जयवंतने तोटी फिरवली, तर ग्लासात नुसता फेस! गॅस कमी केला, फेस. वाढवला, भसाभस फेस. नळीवर बर्फ रचला, ग्लास तिरका धरला, देवाचं नाव घेतलं. बादली फेसाने भरली, पण घोटभर बिअर काही मिळेना.

"अरे जयवंत, येऊ दे ना!" कर्णिक बाहेरून हसत ओरडले. पुन्हा ओरडले तेव्हा हसले नाहीत. जयवंतने पुन्हा तोटी फिरवली, पुन्हा फेस. गेली ही पण नोकरी, वाट लागली आपली.

सुगंधा लाटणं टाकून धावत आली. "भात उतू जातो तेव्हा काय करते मी?" ती कुजबुजली. "खोबरेलाचा थेंब! फेस बसतो की नाही?"

जयवंतने प्रत्येक ग्लासात आतून तेलाचं बोट फिरवलं. आणि काय सांगू, फेस खरंच बसला! ग्लास काठोकाठ भरले. तो ट्रे घेऊन निघाला, तेव्हा सुगंधाने दारातूनच हात जोडले.

पहिल्याच घोटाला एका पाहुण्याने तोंड वाकडं केलं. "कर्णिक, हे प्यायचं की केसांना लावायचं?" हशा पिकला. कर्णिकांनी ग्लासावरचा तवंग पाहिला, आत आले आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून दोघांनीही येऊ नका."

पिंप तेवढं परत द्यायचं राहिलं होतं. रविवारी सकाळी जयवंत ते घेऊन भांडुपला गेला. बारवाला म्हणाला, "फेस आला ना? आदळलं की येणारच. आदल्या दिवशी नेऊन बर्फात गप ठेवायचं असतं, बाबा. विचारायचंस तरी!"

मशिनीचं कुणाला विचारायची जयवंतला सवयच नव्हती.

घरी आला तेव्हा सुगंधाचा भात शिजत होता. फेस टोपाच्या काठाला आला. तिचा हात तेलाच्या बाटलीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"घाल गं," जयवंत म्हणाला. "भाताला तरी घाल."

तिने थेंब टाकला, फेस बसला. जयवंत स्टोव्हसमोर बसून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "माळ्यावरची ट्रंक काढूया. गावी जाऊ."